सतरा वेळा ‘व्हय’

‘साक्षीदाराने विरुद्ध बाजूच्या सतरापैकी सतरा सूचना मान्य केल्या आहेत. तडजोडीचा विचार करावा.’

स्क्रीनवर लाल पट्टीत एवढंच आलं. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पट्टी तीच होती.

समोरच्या खुर्चीत गयाबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पास झाले का मी, साहेब?”

“गयाबाई, तुम्ही सगळं कबूल केलंत.”

“काय कबूल केलं?”

“दस्त तुम्हाला वाचून दाखवला. तुम्हाला तो समजला. तुम्ही राजीखुशीनं सही केली. आणि आता जमिनीला भाव आला म्हणून भावावर खोटी केस टाकली.”

“आसं कोण म्हणलं?”

“तुम्ही.”

“या पेटीला?”

मी रेकॉर्डिंग लावलं. कोर्टाच्या सरावासाठीच्या सॉफ्टवेअरमधला वकील पुरुषी, थंड आवाजात म्हणत होता, ‘तुमच्यावर भावाने कोणतीही जबरदस्ती केली नव्हती.’ त्यावर गयाबाईंचा स्वच्छ आवाज: ‘व्हय.’ ‘तुम्ही दस्तातील मजकूर समजून घेतला होता.’ ‘व्हय.’ ‘तुम्ही न्यायालयापुढे खोटे बोलत आहात.’ ‘व्हय.’

गयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्यो बोलायला व्हता, मी ऐकायले व्हते. ह्यात कबूल कुठं आलं?”

मी वकिली सुरू करून पंचवीस वर्षं झाली. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

आता उलटतपास म्हणजे काय ते सांगतो, कारण सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. टेबलावर मूठ आपटणं नाही, फिरून बोट दाखवणं नाही. समोरचा वकील साक्षीदाराला बरेचदा प्रश्न विचारतच नाही, सरळ विधान करतो. ‘त्या दिवशी तुम्ही घरी नव्हता.’ साक्षीदारानं ते खरं की खोटं एवढं सांगायचं. याला आम्ही सजेशन म्हणतो, सॉफ्टवेअर ‘सूचना’ म्हणतं. साक्षीदार हो म्हणाला की जज डिक्टेशन देतात, ‘हे म्हणणे खरे आहे की, मी त्या दिवशी घरी नव्हतो.’ स्टेनो टाइप करतो. त्या क्षणापासून ते वाक्य वकिलाचं राहत नाही, साक्षीदाराचं होतं. नंतर तुम्ही कितीही डोकं आपटा.

गयाबाईंची केस अशी. माहेर फुलंब्री रस्त्याला, शहराच्या अलीकडे. सासर पिशोर. वडील गेले, आई आधीच गेलेली. मागे चार एकर आणि दोन वारस: गयाबाई आणि धाकटा भाऊ उत्तमराव. एक दिवस उत्तमरावांचा फोन आला, “आक्का, वारस लावायचा हाय. सही करायला ये.” वारस लावायचा म्हणजे सात-बाऱ्यावर वडिलांच्या जागी मुलांची नावं चढवायची. गयाबाई आल्या. भावाच्या गाडीतून रजिस्ट्रीच्या ऑफिसात गेल्या. फोटो निघाला, मशीनवर अंगठा झाला, सही झाली. त्या चौथी शिकलेल्या. सही येते, दस्ताचं वाचन येत नाही. परत पिशोरला जाऊन त्यांनी जावेला सांगितलं, बापाच्या जमिनीला माझं नाव लागलं.

वर्षभरानं सात-बारा काढला तर नाव एकट्या उत्तमरावांचं. सही केली होती ती हक्कसोडपत्रावर.

नोंदणी झालेला दस्त कोर्ट आधी खराच धरून चालतं. तो खोटेपणानं करून घेतला हे, जो म्हणतो त्यानं सिद्ध करायचं. आमच्याकडे सिद्ध करायला काय होतं? गयाबाईंचा शब्द. उत्तमरावांकडे काय होतं? चार पानी दस्त, फोटो, अंगठा, आणि दस्तावर साक्षीदार म्हणून सही करणारे त्यांच्याच गावचे साहेबराव.

आता ते सॉफ्टवेअर माझ्याकडे कसं आलं तेही सांगून टाकतो, नाहीतर आमच्या घरचे सांगतील. एका कंपनीचा फोन आला. आवाज तरुण, नम्र. कोर्टाचा सराव करून देणारं सॉफ्टवेअर आहे, मराठीत बोलतं, तुम्ही केसची माहिती भरा, ते साक्षीदार होईल नाहीतर समोरचा वकील होईल, शेवटी रिपोर्ट देईल. मी जेवत होतो. तो बोलत होता आणि मी घास चावत ‘हं, हं’ करत होतो. संध्याकाळी ईमेलवर वर्षभराचं बिल आलं. बायको म्हणाली, “वकिलाला फोनवर गंडवणारा माणूस बघायचाय मला. त्याला चहाला बोलवा.”

बिल भरल्यावर वापरणं भाग होतं.

माझे सीनियर, नाना, रोज सकाळी माझ्या ऑफिसात पेपर वाचायला येतात. वय शहात्तर. प्रॅक्टिस सोडली, सल्ला सोडलेला नाही. ऑफिस माझं आहे, पण पंख्याखालची खुर्ची त्यांची. त्यांनी पेपरवरून लाल पट्टी वाचली.

“मशीन बरोबर सांगतंय. तडजोड कर.”

“नाना, त्यांना ते म्हणायचं नव्हतं.”

“काय म्हणायचं होतं ते कोर्ट बघत नाही रे, काय म्हटलं ते बघतं. ही बाई कदमसमोर अर्धा तास टिकायची नाही.” कदम म्हणजे उत्तमरावांचे वकील. “आणि टिकवायचीच असेल तर सोपं आहे. प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायला सांग.”

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. काय उत्तर द्यायचं हे साक्षीदाराला शिकवायला वकिलाला परवानगी नाही. प्रश्न नीट ऐका, समजला नाही तर तसं सांगा, खरं तेच बोला, इतपत सांगता येतं. नाना जुन्या काळातले. त्यांनी माझ्याकडे न बघता थेट गयाबाईंनाच सांगितलं, “बाई, व्हय बंद. नाय म्हणा.”

गयाबाईंनी मान हलवली. मी थांबवायच्या आत सॉफ्टवेअर सुरू झालं होतं.

‘तुमचे नाव गयाबाई आहे.’

“नाय.”

‘उत्तमराव तुमचे सख्खे भाऊ आहेत.’

“नाय. आता तर अजिबात नाय.”

‘तुम्ही पिशोर येथे राहता.’

“नाय.” मग माझ्याकडे वळून हळूच, “मंग कुठं राहू साहेब?”

रिपोर्ट आला: साक्षीदार अविश्वसनीय. नानांनी पेपर वर केला. पेपर थरथरत होता. ते आत हसत होते.

गयाबाई मात्र हसल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून त्या ताठ बसल्या.

“साहेब, एक सांगू का? राग नका धरू. मी साठ वरसं आशीच बोलले. समोरचं माणूस बोलायलं आन् आपण गप बसलो, तर त्याला वाटतं ह्याचं ध्यान नाय. म्हणून मधी मधी व्हय म्हणायचं. सासऱ्याला म्हणलं, मास्तरला म्हणलं, कीर्तनात म्हणलं. तुमच्या या पेटीला ते कळंना तर तिला पिशोरला धाडा, बाजारात दोन दिस बसवा. मी माझी जीभ बदलणार नाय.”

“बदलू नका. पण कोर्टात…”

“आन् तिथं बी मी तेच केलतं की.”

“कुठं?”

“त्या आफिसात. त्यो दस्त लिवणारा भडाभडा वाचायला. मी व्हय म्हणायले. त्याचं झालं. मंग साहेबानं इचारलं, वाचून दावलं का? व्हय. कळलं का? व्हय. मला वाटलं, वारसाचंच हाय.”

मी पेन खाली ठेवलं. नानांचा पेपरही खाली आला.

मी स्वतः फुलंब्रीचा. माझे वडील बोलत असत तेव्हा आम्ही भावंडं रांगेत बसून ‘व्हय, व्हय’ करायचो आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरत नसे. शहरात आलो, काळा कोट घातला आणि माझं ‘व्हय’ कधी ‘होय’ झालं ते मलाच कळलं नाही. शिकून मी जे विसरलो होतो ते या बाईंनी लॅपटॉपपुढे बसून माझ्या हातात ठेवलं. मशीननं जी चूक केली तीच चूक त्या ऑफिसात झाली होती. फरक एवढाच की मशीनची चूक मला परत ऐकता आली.

“मुद्दा चांगला आहे,” नाना म्हणाले, “पण पुराव्यात कसा आणणार? जजसमोर उभा राहून बोलीभाषेवर व्याख्यान देणार?”

“बघू.”

“बघू म्हणजे तुला माहीत नाही.”

“नाही माहीत.”

“मग तडजोड कर.”

गयाबाई उठल्या. “नाना, तुमी मोठे. पण मला तडजोड नको. मला बापाच्या कागदावर माझं नाव पायजे. हरले तर हरले. पण मी व्हय म्हणले म्हणून हरले, आसं नको.”

नानांनी पेपर घडी करून ठेवला. त्यांना गप्प करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

गयाबाईंचा उलटतपास झाला त्या दिवशी कोर्टरूममध्ये पंखा आवाज करत होता. जज मॅडम कोकणातल्या, बदलून येऊन सहाच महिने झालेले. हुशार, तुटक बोलणाऱ्या. कदम माझे कॉलेजचे मित्र. माझ्यापेक्षा गोड बोलतात आणि म्हणून माझ्यापेक्षा जास्त घातक आहेत.

“मावशी, उभं राहून पाय दुखत असतील तर खुर्ची सांगू का?”

“नाय. मी निंदायला दिवसभर वाकते.”

पहिली आठ-दहा विधानं गयाबाईंनी व्यवस्थित परतवली. ‘खोटं हाय’, ‘मला आसं सांगितलंच नाय’, पूर्ण वाक्यात. मी निर्धास्त व्हायला लागलो होतो. मग कदमांनी चाल बदलली. प्रश्न सोडून ते गोष्ट सांगायला लागले.

“बघा मावशी, त्या दिवशी तुम्ही भावाच्या गाडीत बसून आलात…”

“व्हय.”

“वाटेत चहा घेतला…”

“व्हय.”

“ऑफिसात गर्दी होती, दस्तलेखकानं दस्त काढला, तुम्हाला सगळा वाचून दाखवला…”

“व्हय.”

“हक्क सोडत असल्याचं त्यात लिहिलंय, हे तुम्हाला तेव्हाच कळलं.”

“व्ह… नाय! नाय ओ, हे खोटं हाय!”

शेवटचं वाचलं, पण आधीचं गेलं. मॅडम स्टेनोकडे वळल्या. “हे म्हणणे खरे आहे की, दस्तलेखकाने मला दस्त वाचून दाखवला.”

मी उभा राहिलो. “मॅडम, साक्षीदार फक्त ऐकत होत्या. त्यांचा शब्द आहे तसा घ्यावा.”

“वकीलसाहेब, व्हय म्हणजे होय. एवढं मराठी मला येतं.”

“नेहमीच नाही, मॅडम.”

कदम हसले. “माझे विद्वान मित्र आता व्याकरणाचा तास घेणार का?” मागच्या बाकावरचे ज्युनियरही हसले.

मॅडम हसल्या नाहीत. क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ठीक आहे. उत्तर ‘व्हय’ असे दिले, एवढं कंसात घ्या. त्याचा अर्थ मी ठरवीन.”

त्या कंसावर मी पुढचे तीन आठवडे जगलो.

बाहेर व्हरांड्यात कदम जवळ आले. “चल, मिटवू. मावशी, तुमचा भाऊ दहा गुंठे द्यायला तयार आहे. वर मानाची साडी.”

मोठ्यानं बोलायची गरज नव्हती, पण गयाबाई मोठ्यानंच बोलल्या. “दोन एकर माझे. त्यातले दहा गुंठे मलाच देतो म्हणं! आन् साडी माझी मी घेते.”

लांब खांबापाशी उत्तमराव उभे होते. त्यांनी मान फिरवली.

आता साहेबरावांचा उलटतपास मला घ्यायचा होता. शपथपत्रात त्यांनी लिहून दिलं होतं, ‘दस्तलेखक वाचत असताना गयाबाई प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होत्या. त्यांना मजकूर मान्य होता.’ या दोन वाक्यांच्या मध्ये जी फट होती त्यातून मला आत शिरायचं होतं.

मी सॉफ्टवेअर उघडलं. साहेबरावांची माहिती भरली: वय पासष्ट, शेतकरी, गाव अमुक. त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. मशीनमधले साहेबराव म्हणाले, ‘सदर बाब मला निश्चितपणे स्मरत नाही, तथापि दस्त वाचून दाखवण्यात आला होता, हे मी ठामपणे सांगू शकतो.’

तथापि! आमच्या पंचक्रोशीत पासष्ट वर्षांच्या एकाही शेतकऱ्यानं हा शब्द आजवर तोंडातून काढलेला नाही. चार दिवस मी त्या तथापिशी झगडलो. प्रत्येक रिपोर्टमध्ये माझीच पट्टी लाल. ‘प्रश्न अस्पष्ट.’ ‘साक्षीदार स्थिर.’ एकदा तर ‘वकिलाने संयम राखावा’ असंही आलं. हे मला घरीही ऐकायला मिळतं, पण तिथं वर्गणी भरावी लागत नाही.

पाचव्या दिवशी गयाबाई तारीख विचारायला आल्या. मी वैतागून म्हटलं, “तुमचा साहेबराव काही ऐकत नाही.”

“ही पेटी साहेबराव व्हय?” त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. “ह्यो साहेबराव नाय. ह्यो तर तलाठी वाटायला.”

“मग साहेबराव कसा आहे?”

“थांबा.” त्यांनी पदर खोचला, खुर्चीत पाय वर घेतले, एका गालात काहीतरी धरल्यासारखं तोंड केलं आणि बघता बघता माझ्यासमोर एक म्हातारा बसला. “लहानपणापासून बघायले मी त्याला. इचारा.”

“साहेबराव, तुम्ही दस्तावर सही केली.”

“व्हय.” हे खर्जात, मान डोलावत.

“ऑफिसात गर्दी होती.”

“व्हय.”

“दस्तलेखकाला घाई होती.”

“व्हय.”

“तुम्ही स्वतः दस्त वाचला नाही.”

“व्हय.”

मी थांबलो. नानाही थांबले होते. पेपरचं पान हातात अर्धं उलटलेलं. गयाबाईंनी पाय खाली घेतले.

“त्यो बी माझ्यासारखाच हाय की, साहेब. त्याच्या घरात समदेच आसे.”

तेवढ्यात लॅपटॉपवर रिपोर्ट आला, कारण माइक चालूच राहिला होता. ‘साक्षीदाराने सर्व सूचना मान्य केल्या आहेत.’ या वेळी पट्टी हिरवी होती. सॉफ्टवेअर घेतल्यापासून पहिल्यांदा.

“हे धोक्याचं आहे,” नाना म्हणाले. “तो जर दोन व्हय नंतर सावध झाला तर तू तोंडावर पडशील. आणि नाही झाला, तर कदम म्हणेल वकिलानं म्हाताऱ्याला फसवलं. तुझा तमाशा होईल.”

“होऊ द्या.”

“मी सांगतोय, गप्प तडजोड…”

“नाना,” मी म्हटलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं वाक्य तोडलं, “ही केस मी चालवतोय.”

ते चष्मा खिशात घालून निघून गेले. पण साहेबरावांच्या साक्षीच्या दिवशी, चार वर्षांनी पहिल्यांदा, ते कोट घालून कोर्टात आले आणि मागच्या बाकावर बसले.

साहेबराव पिंजऱ्यात आले. पांढरा सदरा, टोपी हातात. गयाबाईंनी नक्कल केली होती त्याहून थोडे उंच, बाकी तंतोतंत. मी ठरवलं होतं, आवाज चढवायचा नाही. बांधावर बसून बोलतोय असं बोलायचं. फुलंब्रीतलं माझं जुनं मराठी मी कपाटातून काढलं.

“साहेबराव, तुमी आन् गयाबाई एका आळीतले.”

“व्हय.”

“त्या दिशी आफिसात लई गर्दी व्हती.”

“व्हय.”

“दस्त लिवणाऱ्याला घाई व्हती, त्यो भरभर वाचायला व्हता.”

“व्हय.”

मॅडम लिहून घेत होत्या. कदमांनी मान वर केली. त्यांना काहीतरी वास आला होता, पण हरकत कशाला घ्यायची ते सापडत नव्हतं. मराठी बोलू नये असा काही नियम नाही.

“गयाबाईला उत्तमरावांनी वारस लावायचा हाय म्हणून आणलं व्हतं.”

“व्हय.”

“हक्क सोडायचा हाय, हे तिला कुणी बोललंच नाय.”

“व्हय.”

कदम उठले. “मॅडम, साक्षीदाराला प्रश्न समजत नाहीये.”

“तुमचाच साक्षीदार आहे,” मॅडम म्हणाल्या आणि स्टेनोकडे वळल्या. “हे म्हणणे खरे आहे की, वादी हिस वारसनोंदीसाठी म्हणून आणले होते. हे म्हणणे खरे आहे की, हक्क सोडण्याबाबत तिला कोणीही…”

“ओ मॅडम!” साहेबरावांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. “मी कवा खरं हाय म्हणलो?”

“आत्ता. व्हय म्हणालात.”

“ते ऐकायलो म्हणून म्हणलो! वकीलसाहेब बोलायलेत, मी काय मुक्यावानी उभा राहू? व्हय म्हणलं म्हंजी पटलं आसं आस्तंय व्हय?”

स्टेनोनं टायपिंग थांबवलं.

मॅडमनी चष्म्यावरून आधी साहेबरावांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “वकीलसाहेब, विचारा पुढे.”

“साहेबराव, तुमच्यात समोरचा बोलताना व्हय म्हणतात ते ऐकतोय हे कळावं म्हणून.”

या वेळी ते बोलायला तोंड उघडून थांबले, मग शब्द निवडून म्हणाले, “हे मातर खरं हाय.”

“मग त्या दिवशी दस्त वाचताना गयाबाई व्हय व्हय म्हणत होत्या, ते?”

त्यांनी गयाबाईंकडे बघितलं. त्या पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. नजर खाली नव्हती.

“ऐकत व्हती.”

“‘मला पटलं’, ‘माझा हक्क सोडते’, असं काही त्या म्हणाल्या?”

“तसं कुठं म्हणली? व्हय म्हणली.”

जिभेवर अजून एक प्रश्न होता. मस्त होता. उलटतपासात वकील बुडतो तो या मस्त प्रश्नामुळे. मी खाली बसलो. मागून नानांच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी ओळखतो. ज्युनियर होतो तेव्हा ‘ठीक होतं’ असं सांगायला ते असंच खोकायचे.

कदमांनी फेरतपासाची परवानगी मागितली. फेरतपास म्हणजे उलटतपासात जे सांडलं ते आपल्याच साक्षीदाराकडून भरून घेण्याची संधी. मिळाली. त्यांनी सावरायचा प्रयत्न केला, “साहेबराव, पण गयाबाईंना सगळं माहीत होतं, बरोबर?” साहेबराव आता इतके सावध झाले होते की कशालाच व्हय म्हणेनात. “माहीत व्हतं का नव्हतं, ते तिला इचारा,” म्हणाले आणि टोपी घातली. मग कोर्टात टोपी घातली म्हणून शिपाई ओरडला, तो वेगळा गोंधळ.

निकाल यायला पाच महिने लागले. मॅडमनी निकालपत्रात एक पूर्ण परिच्छेद त्या एका शब्दावर लिहिला आहे: प्रतिवादीच्याच साक्षीदाराने या भागातील वापर स्पष्ट केला असल्याने, ‘व्हय’ या उच्चारावरून संमती गृहीत धरता येत नाही. गयाबाईंच्या उलटतपासातला तो कंसही त्यांनी तिथं उद्धृत केला. त्यासोबत दस्तलेखकाला बोलवलंच नाही, दस्ताच्या बदल्यात गयाबाईंना काहीच मिळालं नाही, असे इतर मुद्देही होते. एका शब्दावर केस जिंकली असं मी म्हणणार नाही, नाना ऐकत असतात. दस्त गयाबाईंवर बंधनकारक नाही. अर्धा हिस्सा. वाटप करून द्यावं.

उत्तमरावांनी अपील केलं आहे. ते व्हायचंच होतं.

सॉफ्टवेअर अजून लॅपटॉपमध्ये आहे. मशीनला नावं ठेवणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर त्यानं इतकं निर्लज्जपणे चुकीचं ऐकलं नसतं, तर आम्ही सगळे शहाणे लोक ते बरोबरच समजून चाललो असतो. हल्ली मी त्याचा रिपोर्ट वाचतो आणि जिथं ते फार खात्रीनं बोलतं तिथं थांबतो.

आणि ऑफिसात एक गोष्ट बदलली. अशिलाला काही समजावून सांगितलं की मी पूर्वी विचारायचो, ‘समजलं ना?’ तो मान हलवायचा, मी पुढची फाइल उघडायचो. असे किती लोक मान हलवून घरी गेले असतील ते मला माहीत नाही, आणि आता माहीत करून घ्यायची हिंमतही नाही. आता मी म्हणतो, मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. वेळ जातो. काही जणांना राग येतो. नाना म्हणतात, ही शाळा आहे का?

अपिलाची नोटीस आली तेव्हा गयाबाईंना बोलावून सगळं समजावलं: वरचं कोर्ट म्हणजे काय, तिथं काय बघतात, किती दिवस लागतील, तोवर नाव लागेल की नाही. मग विचारलं, “आता सांगा, काय समजलं?”

त्यांनी पिशवी उचलली.

“उत्तमला एका कोर्टात हरून भागलं नाय. त्याला वरच्या कोर्टात बी हरायचंय. मी येते. तारीख सांगा.”

कायद्याच्या भाषेत हे उत्तर तंतोतंत बरोबर नाही. मी दुरुस्त केलं नाही.